भाड्यातून हप्ता सुटेल? – गृहकर्ज, चढते भाव आणि २००८

पर्वरीकर
नमस्कार मंडळी. धागा थोडा मोठा होणार आहे पण जाणकारांची मतं हवीयेत. माझा भाचा इथे गोव्यात वेर्ण्याला कंपनीत आहे, हातात महिन्याला ६२ हजार येतात. त्याला पर्वरीत टू बीएचके घ्यायचाय, भाव ८५ लाख, बांधकाम अजून चालू. एजंटने त्याला हिशेब मांडून दिलाय तो असा. ६८ लाख बँकेचं कर्ज, तीस वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता ५२,२८६. वरचे १७ लाख आपले, त्यातले सात त्याच्याकडे आहेत, उरलेले दहा पर्सनल लोन काढून, बारा टक्क्याने पाच वर्षं, त्याचा हप्ता २२,२४४. दोन्ही मिळून ७४,५३०. म्हणजे पगारापेक्षा साडेबारा हजार जास्त, आणि जेवणखाण, पेट्रोल, स्टॅम्प ड्युटी यातलं काहीच धरलेलं नाही!

यावर एजंटचं उत्तर तयार आहे. फ्लॅट टुरिस्टांना भाड्याने द्यायचा, महिन्याला पन्नास-साठ हजार कुठे गेले नाहीत, आणि पाच वर्षांत भाव दुप्पट झाला की विकून मोकळं व्हायचं. बँकेत पगार कमी पडतोय तर "रिटर्नमध्ये साइड बिझनेस दाखवू, आमचा माणूस आहे".

माझे प्रश्न दोन. असं कर्ज मुळात कोणी देतं कसं? आणि २००८ ला अमेरिकेत घरांच्या कर्जावरून जे कोसळलं ते असंच काहीतरी होतं ना, मग ते इकडे होणार नाही हे कशावरून? भाच्याला वाटतं मामा उगाच घाबरवतोय. त्याला हा धागा वाचायला देणार आहे, तेव्हा नीट समजेल असं लिहा.

खाजें
एजंटला एकच विचारा, भाव पाच वर्षांत दुप्पट होणार हे एवढं पक्कं आहे तर तो स्वतः चार फ्लॅट घेऊन घरी का बसत नाही?

पुणेकर_म्हापशात
पर्वरीकर, तुमच्या भाच्याचा हिशेब चुकीचा आहे यात वाद नाही, पण त्यावरून एकदम २००८ म्हणजे फार झालं. आपल्याकडे बँक घराची पूर्ण किंमत देतच नाही. आरबीआयचा नियम आहे, ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. बाकीचे आपले घालावे लागतात. आणि आपला माणूस एक वेळ पोटाला चिमटा काढेल पण घराचा हप्ता चुकवणार नाही, घर म्हणजे अब्रू. अमेरिकेत नोकरी नाही, उत्पन्न नाही, अशांना कर्जं वाटली, त्यांनी फेडली नाहीत, बँका बुडाल्या. इतकं साधं आहे ते.

न्यूजर्सी_फोंडा
पुणेकर साहेब, इतकं साधं नव्हतं. मी मूळचा फोंड्याचा, त्या काळात इकडे अमेरिकेतच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२००० च्या शेवटी फेडचा, म्हणजे इकडच्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदर साडेसहा टक्के होता. इंटरनेट कंपन्यांच्या शेअर्सचा डॉटकॉम फुगा फुटला, मग ११ सप्टेंबर झालं, आणि दर उतरत उतरत जून २००३ मध्ये १ टक्क्यावर आला. पैसा स्वस्त. जगभरातल्या पेन्शन फंडांना, विमा कंपन्यांना सरकारी रोख्यांवर काही मिळेना, त्यांना थोडं जास्त व्याज देणारं पण "सुरक्षित" असं काहीतरी हवं होतं. वॉल स्ट्रीटने ते बनवून दिलं. हजारो घरकर्जं एकत्र करायची, त्यांचे हप्ते जिथे जमा होतात त्या गाठोड्याचे थर पाडायचे, पहिला पैसा वरच्या थराला, नुकसान आधी खालच्या थराला, आणि वरच्या थरावर रेटिंग कंपनीकडून ट्रिपल ए चा, म्हणजे सगळ्यांत सुरक्षित असल्याचा, शिक्का. रेटिंगची फी कोण देतं? जो रोखे विकतोय तोच. मग उरलेले खालचे थर परत गोळा करून त्यांचं नवं गाठोडं, आणि त्याच्याही वरच्या भागाला परत ट्रिपल ए.

आता या कारखान्याला कच्चा माल म्हणजे नवी कर्जं लागतात. चांगल्या पगाराच्या लोकांची घेऊन संपली. मग ब्रोकर सुटले. ब्रोकरला कमिशन कर्ज मंजूर झालं की मिळायचं, पुढे ते फिटतंय का बुडतंय याच्याशी त्याचा संबंध नाही. कर्ज देणारी कंपनी ते काही आठवड्यांत पुढे विकून टाकायची. मूळ गोची इथे आहे. कर्ज बुडालं तर रडणारा माणूस आणि कर्ज मंजूर करणारा माणूस वेगळे झाले की उत्पन्नाचे कागद कोण कशाला तपासेल? अर्जावर तुम्ही लिहाल तो पगार खरा. अशा कर्जांना इकडे उघडपणे "लायर लोन", म्हणजे खोटारड्यांचं कर्ज, म्हणायचे.

आणि हप्ता परवडतोय असं दाखवायला पहिली दोन वर्षं कमी दर, नंतरची अठ्ठावीस वर्षं बाजाराचा दर अधिक वर पाच-सहा टक्के. ग्राहकाने विचारलं, दोन वर्षांनी काय? तर उत्तर ठरलेलं, घराचा भाव वाढलेला असेल, नवीन कर्ज काढून हे फेडून टाक. पर्वरीकर, तुमच्या एजंटचं वाक्य आणि हे वाक्य शेजारी ठेवून बघा.

जून २००६ पर्यंत फेडने दर ५.२५ वर नेला. भाव थांबले, मग उतरले. भाव वाढेना म्हणजे नवीन कर्ज मिळेना, दोन वर्षं संपली की हप्ता अंगावर. एप्रिल २००७ मध्ये न्यू सेंच्युरी ही सबप्राइमवाली, म्हणजे पत कमी असलेल्यांना कर्ज देणारी, मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली. मार्च २००८ ला बेअर स्टर्न्स ही गुंतवणूक बँक कोसळली. सप्टेंबरात घरकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, १५ तारखेला लेहमन ही गुंतवणूक बँक बुडाली, दुसऱ्या दिवशी एआयजी या विमा कंपनीला वाचवायला ८५ अब्ज डॉलर. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात बेकारी १० टक्के.

आमच्या न्यूजर्सीत घर ताब्यात घ्यायला कोर्टातून जावं लागतं, त्याला वर्षानुवर्षं लागतात. आमच्या गल्लीत एक घर असंच पडून होतं. माणसं निघून गेलेली, हीटिंग बंद, थंडीत पाइप गोठून फुटले, वरच्या मजल्यावरून पाणी खाली आलं आणि भिंती काळ्या पडल्या. बँकेला मिळालं तेव्हा त्या घराला काय किंमत उरली असेल? आणि शेजारच्यांची किंमतही त्याच्याबरोबर गेली, ज्यांनी आयुष्यात एक हप्ता चुकवला नव्हता त्यांची.

पुणेकर_म्हापशात
माहितीबद्दल आभार, पण एक राहिलं. गरिबांना घरं द्या म्हणून तिथल्या सरकारनेच बँकांच्या मागे तगादा लावला होता, १९७७ चा कायदाच होता तसा. सरकारने नाक खुपसलं की असंच होतं.

हिशोबी
हे मी खूप ठिकाणी वाचलंय आणि पटत नाही. १९७७ चा कायदा ठेवी घेणाऱ्या बँकांना लागू होता. सबप्राइमची बहुतेक कर्जं त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच्या कंपन्यांनी वाटलेली. फॅनी-फ्रेडीने चुका केल्या, तेही त्या बाजारात उतरले, ते मान्य. पण आयर्लंड आणि स्पेनमध्ये कुठे होता असा कायदा? तिथेही घरांचा फुगा झाला आणि फुटला. आयर्लंडला २०१० मध्ये युरोपीय संघ आणि आयएमएफपुढे हात पसरावे लागले, ८५ अब्ज युरोचं पॅकेज. ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक नावाची बँक घराच्या किमतीच्या १२५ टक्क्यांपर्यंत कर्ज देत होती, सप्टेंबर २००७ मध्ये तिच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या. कारण सगळीकडे एकच. घेणाऱ्याचं उत्पन्न बघायचं सोडून घराच्या चढत्या भावावर कर्ज दिलं.

शिवाय बुडणारे सगळे गरीब होते हेही खरं नाही. दुसरं-तिसरं घर भाव वाढेल म्हणून घेणारे चांगले कमावते लोकही त्यात भरपूर होते. लास व्हेगासला भाव निम्म्याहून खाली आले, ते काय फक्त गरिबांच्या घरांमुळे?

सांगेकर
अमेरिका राहू द्या लांब. आमच्या सांग्यात या, सावर्ड्यात या, डिचोलीत जा.

बेजिंग ऑलिंपिकच्या आधीपासून चीनला खनिज हवं होतं, आमचा हलका, कमी प्रतीच्या लोहखनिजाचा मालसुद्धा जायला लागला, खाणीपासून जेटीपर्यंत टिपरांच्या रांगा. ट्रिपमागे पैसे. ज्याच्याकडे एक ट्रक त्याने दुसरा घेतला, ज्याच्याकडे नव्हता त्याने नोकरी सोडून घेतला, मोठ्यांनी बार्ज घेतले. कर्ज घ्यायला बँकेत जायचीसुद्धा गरज नव्हती, फायनान्सवाले गावात येऊन आंब्याखाली टेबल मांडून फॉर्म भरून न्यायचे. तारण काय, तर ट्रक. आणि घर. आणि जामीन कोण, तर शेजारी, त्याचाही ट्रक त्याच खाणीवर. मी त्याला जामीन, तो मला जामीन.

१० सप्टेंबर २०१२ ला सरकारने खाणी थांबवल्या, महिन्याभरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. एका दिवसात सगळे ट्रक उभे. आता सांगा, बँकेने जामीनदाराकडे जायचं म्हटलं तर तो कुठून देणार, त्याचा ट्रक माझ्याच ट्रकच्या पाठीमागे उभा! विकायला काढला तर घेणार कोण, सगळ्या तालुक्याचे ट्रक विकायला. टायर कुजले, पावसात केबिनमध्ये झाडं उगवली. सरकारला कर्जमदतीची योजना काढावी लागली. मग थोडं चालू झालं आणि मार्च २०१८ ला परत बंद.

लोक म्हणतात ट्रकवाल्यांनी हाव केली. केली असेल. पण बँकेतल्या शिकलेल्या माणसाला खाणीचं लीज किती वर्षांचं आहे, परवाने धड आहेत का, हे बघता येत नव्हतं? त्याला टार्गेट होतं, त्याने ते पूर्ण केलं, त्याला प्रमोशन मिळालं आणि बदली होऊन गेला. आम्ही इथेच आहोत.

न्यूजर्सी_फोंडा
सांगेकर, तुम्ही जे जामिनाचं लिहिलंय ना, २००८ चं गणित अगदी तिथेच चुकलं. हिशेब करणाऱ्यांनी धरलं होतं की फ्लोरिडातलं कर्ज बुडालं तर ओहायोतलं चालू राहील, हजार कर्जं एकत्र असली की धोका विभागला जातो. पण सगळीच कर्जं एकाच गोष्टीवर उभी होती, घरांचे भाव वाढत राहणार यावर. ती पडली तेव्हा सगळी एकदम पडली. एआयजीने तर या रोख्यांना एक प्रकारे जामीनच दिला होता, सगळ्यांना एकाच वेळी.

केरी_सत्तरी
माझं मत वेगळं आहे. खरा मुद्दा हा की ८५ लाखांचा टू बीएचके पर्वरीत घेणार कोण? गोंयकार तर नाही. दिल्ली-मुंबईचे लोक सुट्टीचं घर म्हणून घेतात आणि आमच्या पोरांना भाव परवडत नाही. डोंगर कापून, शेतं बुजवून, झोन बदलून...

खाजें
केरीकर, त्याचे सतरा धागे आधीच आहेत, आणि सगळ्यांत तुम्ही आहात 🙂

केरी_सत्तरी
असणारच, आणि पुढेही लिहीन. आणि विषयाला सोडून नाहीये हे. कर्ज जितकं सहज मिळतं तितका भाव चढतो, भाव चढला की तेवढंच घर घ्यायला आणखी मोठं कर्ज लागतं, मग बँका मुदत वाढवतात, पंधराची वीस, विसाची तीस. पगार मात्र तेवढा वाढलेला नाही. तीस वर्षांच्या कर्जाने घर स्वस्त होत नाही, बिल्डरला भाव वाढवायला जागा मिळते.

हिशोबी
हे बरोबर बोललात.

पुणेकरांच्या "आपल्याकडे वेगळं आहे" याबद्दल. वेगळं होतं आणि ते आपोआप नव्हतं, त्यामागे माणसं होती. वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना आरबीआयने बँकांना घरकर्जामागे जास्त भांडवल ठेवायला लावलं, डिसेंबर २००४ मध्ये जोखीम-भार (ज्यावर हे भांडवल ठरतं तो) ५० वरून ७५ टक्के केला, व्यापारी बांधकामाच्या कर्जाचा २००५ मध्ये १२५ आणि २००६ मध्ये १५० टक्के. तेव्हा बिल्डर आणि बँकवाले त्यांच्यावर चिडलेले, वाढीला ब्रेक लावतात म्हणून. २००८ नंतर तेच लोक कौतुक करायला लागले.

तरी आपल्याकडे प्रकार झाले नाहीत असं नाही. २००९ मध्ये पहिली काही वर्षं कमी दराची टीझर कर्जं आली, स्टेट बँकेने ८ टक्क्याने सुरू केली, इतर मागोमाग. आरबीआयने नोव्हेंबर २०१० मध्ये अशा कर्जांवर २ टक्के तरतूद (बुडाली तर म्हणून बँकेने बाजूला ठेवायची रक्कम) लावली तेव्हा ती आटोक्यात आली. मग बिल्डरांच्या ८०:२० योजना, कर्जाचे सगळे पैसे आधीच बिल्डरला, बांधकामाचा पत्ता नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये आरबीआयला सांगावं लागलं की पैसे बांधकामाच्या टप्प्यानुसारच द्या.

पुणेकर_म्हापशात
म्हणजे माझाच मुद्दा झाला ना हा. नियामक जागा होता म्हणून वाचलो.

हिशोबी
नियामक बँकेवर नजर ठेवतो. पर्वरीकरांच्या भाच्याने पर्सनल लोन काढून आपला वाटा भरला तर तो ८० टक्क्यांचा नियम कागदावर राहिला, घरात त्याचं स्वतःचं असं कितीसं अडकलं? ८५ लाखांत सात लाख. म्हणजे प्रत्यक्षात ९० टक्क्यांच्या वर कर्ज. भाव दहा टक्के उतरला की घर विकूनही दोन्ही कर्जं फिटत नाहीत.

आणि दर बदलतो हे लोक विसरतात. ऑक्टोबर २०१९ पासून नवीन फ्लोटिंग कर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोला (आरबीआय बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला), बांधलेली आहेत. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ ला साडेसहा. हिशेब करून बघा. ५० लाख, वीस वर्षं, पावणेसात टक्के, हप्ता ३८,०१८. वर्षभरात साधारण सव्वा लाख मुद्दल फिटलं, उरले धरा ४८.७५ लाख. आता दर सव्वानऊ झाला. एका महिन्याचं नुसतं व्याज ३७,५७८. तुमच्या हप्त्यातले मुद्दलात जातात ४४० रुपये! हप्ता तोच ठेवला तर कर्ज फिटायला ४८ वर्षं. बँक तेवढी मुदत देत नाही, म्हणजे हप्ता वाढणार. ऑगस्ट २०२३ मध्ये आरबीआयने सांगितलंय की दर बदलला की हप्ता वाढवायचा का मुदत हे ग्राहकाला नीट कळवा आणि निवडू द्या. पण निवडायला हातात पैसे हवेत.

तारवटी
मडगावहून. मी क्रूझवर आहे. आमच्याकडे घर बांधायला, फ्लॅट घ्यायला सगळ्यांनीच कर्ज काढलेलं असतं, कॉन्ट्रॅक्ट असलं की हप्ता, घरी आलो की साठवलेल्यातून. मार्च २०२० ला जहाजं थांबली. आरबीआयने ऑगस्ट अखेरपर्यंत हप्त्याला सवलत दिली होती पण व्याज चालूच, ते मुद्दलात चढलं. घरी बसलेले तारवटी आणि रिकामे टुरिस्ट फ्लॅट, दोन्ही एकाच महिन्यात. ज्यांनी कर्ज काढून फ्लॅट घेतला आणि भाड्यावर हप्ता धरला होता त्यांची दोन्ही दारं बंद. भाच्याला हे वाचून दाखवा. आणि सीझन सोडून बाकी महिने, पावसात, कोण येतं तेही एजंटला विचारा. टुरिस्टांना भाड्याने द्यायचं तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, सोसायटीतले शेजारी तक्रार करतात ते वेगळं.

वसुली_निवृत्त
मी बँकेतून निवृत्त झालो, शेवटची वर्षं वसुलीत होतो, उत्तर गोव्यात. बँकेचं नाव लिहीत नाही.

पर्वरीकरांचा पहिला प्रश्न, असं कर्ज कोणी देतं कसं. बाहेरून अर्ज आणणारे एजंट मंजुरीवर पैसे घेतात. शाखेला मार्चअखेर टार्गेट असतं. तारण घर आहे, घर कुठे पळून जात नाही, ही समजूत. आणि कर्ज बिघडायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर मंजूर करणारा दुसऱ्या शाखेत. सांगेकरांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे आणि मी ते आतून बघितलंय.

आता बिघडलं की काय होतं ते ऐका. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जांत. मग सरफेसी कायद्याखाली, ज्याने बँकेला खटल्याशिवाय तारण ताब्यात घेता येतं, नोटीस, ६० दिवसांत सगळी रक्कम भरा, नुसते थकलेले हप्ते नाही, सगळी. नाही भरली की ताबा. आधी कागदोपत्री, दारावर नोटीस आणि पेपरात जाहिरात, नावासकट, पत्त्यासकट. रोजच्या पेपरात ज्या "ताबा नोटीस" छापून येतात त्या वाचायची सवय लावा. मग कलेक्टरच्या आदेशाने प्रत्यक्ष ताबा. मी अशा ताब्याला गेलोय. पोलीस, पंच, कुलूपवाला. घरातली बाई देवघरातले देव पाटावर ठेवून बाहेर नेत होती आणि आम्ही सामानाची यादी करत होतो, गॅसची शेगडी एक, कपाट एक. लिलावात बाजारभाव मिळत नाही. आणि अमेरिकेत काही राज्यांत, कॅलिफोर्नियात घर घेताना काढलेल्या पहिल्या कर्जाचं तसं आहे, घर दिलं की सुटका होते, लोक किल्ल्या पोस्टाने पाठवून निघून गेले. आपल्याकडे तसं नाही. लिलावातून कमी आले तर उरलेले पैसे तुमच्याच डोक्यावर, जामीनदाराच्या डोक्यावर. पुणेकर म्हणतात आपला माणूस हप्ता चुकवत नाही. नाही चुकवत, खरं आहे. आधी दागिने मोडतो, मग मुलीचं शिक्षण थांबवतो, मग पतसंस्थेतून काढून बँकेत भरतो. खातं शेवटपर्यंत चांगलं दिसतं, आत माणूस संपलेला असतो.

रिटर्नमध्ये खोटा धंदा दाखवण्याबद्दल. ते कागद तुमच्या सहीने जातात, एजंटची सही कुठेच नसते. पुढे काही झालं तर फसवणूक कर्जदाराने केली असंच रेकॉर्ड होतं.

अबोली
वसुली काका, देवांचं वाचून गलबलून आलं.

माझा मुद्दा बायकांसाठी. गोव्यात लग्नानंतर बहुतेकांची मालमत्ता दोघांची समाईक असते, स्थावर विकायचं किंवा गहाण ठेवायचं तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. म्हणून बँकेत बायकोला बोलावतात, "इथे सही करा ताई, नुसती फॉर्मॅलिटी". ती संमती म्हणून सही घेतायत का सहकर्जदार म्हणून, हे कोणी सांगत नाही, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सहकर्जदार झालात की अख्खं कर्ज तुमच्याही नावावर, सिबिलवर (पतनोंदीवर), पगारावर. माझ्या नात्यातल्या एका बाईला हे नवरा वारल्यावर कळलं. कागद वाचून घ्या, घरी नेऊन वाचा, लाजू नका.

दुसरं, तारण तारण म्हणता पण गोव्यात त्या जमिनीचे कागद बघा. आजोबा गेले, इन्व्हेंटरी (वारसांत वाटणीची प्रक्रिया) झालीच नाही, एक काका मुंबईत, एक आत्या पोर्तुगालला, त्यांच्या सह्या नाहीत, जमिनीत मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारं, कायद्याने हक्क असलेलं कुटुंब), त्यावर बिल्डिंग उभी. बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद चोख असं लोक धरून चालतात. भांडण कोर्टात गेलं की फ्लॅट विकता येत नाही, हप्ता मात्र चालूच.

केरी_सत्तरी
आणि कोमुनिदादच्या, म्हणजे गावकीच्या, जागेवर असलेली घरं?

अबोली
तो वेगळा धागा होईल, इथे नको.

पर्वरीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याने काल रात्री सगळं वाचलं. तारवटींचा आणि वसुली काकांचा प्रतिसाद वाचून गप्प झाला बराच वेळ. मग त्याने एजंटला फोन करून लेखी भाड्याची हमी मागितली, ती मिळाली नाही. आज एजंटने नवीन काढलंय, की ताबा मिळेपर्यंत हप्ताच भरायचा नाही, बिल्डर भरणार. हे काय असतं?

वसुली_निवृत्त
सबव्हेन्शन. बँक, बिल्डर आणि तुम्ही, तिघांचा करार. त्यात बिल्डर व्याज भरेल असं लिहिलेलं असतं, पण कर्ज तुमच्या नावावर. बिल्डरने भरायचं थांबवलं की बँक तुमच्याकडे येते. दिल्ली-नोएडाला हजारो कुटुंबं अशी अडकली, घर नाही आणि हप्ता चालू. जुलै २०१९ मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने हाउसिंग फायनान्स कंपन्यांना अशा योजना बंद करायला सांगितल्या, आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बिल्डर-बँकांचं साटंलोटं तपासायला सीबीआयला सांगितलं. इतकं सगळं होऊनही कोणी ही योजना दाखवत असेल तर उठून या तिथून.

पुणेकर_म्हापशात
याला माझंही अनुमोदन. देशभर कोसळेल असं मला अजूनही वाटत नाही, पण एका घराचं कोसळायला देश कोसळावा लागत नाही.

सांगेकर
हां, आता बोललात. आमच्या तालुक्याचं कोसळलं तेव्हा पणजीत शिगम्याच्या मिरवणुका चालूच होत्या.

पर्वरीकर
भाचा आता फोंड्याला कुर्टी भागात वन बीएचके बघतोय, तयार इमारत, ३८ लाखांच्या आसपास, स्वतः राहायला. सात लाख आणि त्याच्या आईची थोडी एफडी. २८ लाख कर्ज धरलं तर वीस वर्षांना साडेआठ टक्क्याने साधारण २४,३०० बसतो. हिशोबी, हे ठीक वाटतं का? आणि कागद बघायला बँकेचा वकील पुरे का आपला वेगळा करायचा?

हिशोबी
दर दोन टक्के वाढला तर हप्ता जवळजवळ २८ हजार होईल, ६२ हजारांत तोही निभावेल. आईची एफडी सगळी मोडू नका, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवा. फ्लोटिंग दराच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडायला दंड नसतो, बोनस मिळाला की थोडं थोडं मुद्दल भरत राहायचं.

अबोली
वकील वेगळा करा. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. एक-चौदाचा जमिनीचा उतारा, सनद (बिगरशेती परवानगी), निल एनकम्ब्रन्स (बोजा नसल्याचा दाखला), ऑक्युपन्सी (राहण्याचा दाखला), आणि विकणारे नवरा-बायको दोघंही सहीला येणारेत ना ते आधी विचारा. जुना फ्लॅट असेल तर त्यांचं कर्ज कुठल्या बँकेत आहे तेही.

पर्वरीकर
विकणाऱ्यांचं कर्ज आहे अजून, नऊ लाख बाकी म्हणाले. मग पैसे कोणाला द्यायचे, त्यांना का त्यांच्या बँकेला?

वसुली_निवृत्त
त्यांच्या बँकेकडून आजच्या तारखेचं फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती भरायचे त्याचं पत्र) घ्यायला सांगा. नऊ लाखांचा डीडी थेट त्यांच्या कर्जखात्याच्या नावाने, उरलेले त्यांना. मूळ कागद कुठल्या शाखेत आहेत ते विचारून ठेवा, सोडायला वेळ लागतो.